सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आम्ही रोज येतो

प्रति,
गोदाघाटाच्या कामांचे नकाशे ज्यांच्या टेबलावर आहेत ते सर्व अधिकारी, अभियंते, वास्तुरचनाकार आणि लोकप्रतिनिधी,
नाशिक.

विषय : घाटावर रोज येणाऱ्यांच्या काही मागण्या

सप्रेम नमस्कार.

काल बुधवार होता. आईला स्कूटरवर मागे बसवून सकाळी गंगेवर गेले. (आपल्यापैकी काही जण बदलीने नाशकात आले असतील, त्यांच्यासाठी सांगते. आम्ही जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि 'नदीवर' न जाता 'गंगेवर' जातो.) बाजार नुकता भरत होता. टेम्पोतून पाट्या उतरत होत्या, कुणी कोथिंबिरीवर पाणी मारत होतं. आईला मेथी घ्यायची होती, पण त्याआधी पाण्यात पाय बुडवायचे होते. तिचं वय ७९, दोन्ही गुडघे झिजलेले. घाटाच्या पायऱ्या उंच, पावसाळा आत्ताच ओसरल्यामुळे खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि हाताला धरायला काहीही नाही. एका बाजूने मी तिचा दंड धरला. एक भाजीवाल्या मावशी आपल्या पाट्या सोडून आल्या, त्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. तिसऱ्या पायरीवर आई थांबली. खाली पाहिलं, पाय पुढे केला, पुन्हा मागे घेतला. म्हणाली, "राहू दे, इथूनच नमस्कार करते." मी खाली उतरून ओंजळीत पाणी आणलं आणि तिच्या पावलांवर घातलं. वर येईपर्यंत अर्धं सांडलं होतं.

मेथी तिने नेहमीसारखी निवडून, भाव करून घेतली. पण घरी येईपर्यंत गंगेबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या तिसऱ्या पायरीमुळे हे पत्र लिहायला बसले.

माझा जन्म भांडीबाजाराजवळच्या एका वाड्यातला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. चार सिंहस्थ कुंभमेळे पाहिले. त्यातला पहिला मी शाळेत असताना, १९८० चा. पुढे १९९१, २००३, २०१५ चे पाहिले आणि २०२७ चा आता तोंडावर आला आहे. त्यासाठी कामं चालली आहेत, ती व्हायलाच हवीत. २००३ साली चेंगराचेंगरीत माणसं गेली, ते हे गाव विसरलेलं नाही. गर्दी कुठून आत येईल, कुठून बाहेर पडेल, कुठे थोपवता येईल, हा विचार आधी झाला पाहिजे. त्याला माझी काहीच हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्नानाचे मुख्य दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तोच घाट, त्याच पायऱ्या, तेच दगड पुढची बारा वर्षं आमच्या वाट्याला येतात. मग नकाशा आखताना डोळ्यांसमोर लाखोंची गर्दी जशी ठेवता, तशी बुधवारच्या सकाळी मेथी घ्यायला आलेली एक म्हातारी बाईही ठेवा. खर्च वेगळा लागणार नाही, फक्त आखणी थोडी वेगळी लागेल.

गंगेचा आनंद म्हणजे काय, हे मला वडिलांनी पाण्यात उतरवून शिकवलं. सुका भोपळा दोरीने पाठीला बांधायचा, पोटाखाली हात धरायचा आणि हळूच काढून घ्यायचा. भोपळा पाण्यावर डुलायचा आणि त्याच्याबरोबर मीही. पाणी नाकात जायचं, जिभेला मातकट चव लागायची. आम्ही पहाटे जायचो, कारण मुलीने पोहायला शिकणं तेव्हा आमच्या आळीत कुणाला रुचत नव्हतं. मुलगे दिवसाढवळ्या अहिल्यादेवी होळकर पुलावरून सूर मारायचे, आम्ही त्याला तेव्हा व्हिक्टोरिया पूलच म्हणायचो. कुणी मुटका मारला की पाणी कठड्यापर्यंत उडायचं. मी कठड्याशी उभी राहून बघायची. बाहेर आल्यावर ओले कपडे बदलायला आई लुगड्याचा आडोसा धरायची. आज पन्नास वर्षांनी घाटावर जाऊन पाहा, बायका एकमेकींना तसाच साडीचा आडोसा धरताना दिसतील. रामकुंडाशी वस्त्रांतरगृह बांधलं गेलं, पण नदी काही तेवढीच नाही. वरच्या आणि खालच्या घाटांवरही बायकांसाठी कपडे बदलायला चार भिंती आणि स्वच्छतागृह हवं. बायकांना नदीवर येऊ द्यायचं की नाही, हे बहुतेक वेळा या एका गोष्टीवर ठरतं. बाहेर जाताना पाणीही न पिणाऱ्या बायका या गावात आहेत, कारण वाटेत जायला जागा नसते. त्या नदीकाठी तासभर बसणार कशा?

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला मी तरणतलावावर शिकायला पाठवते, गंगेत उतरवत नाही. हे लिहिताना वाईट वाटतं.

कारण आपल्याला माहीत आहे, पण एकदा नीट मांडते. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि तीसेक किलोमीटरवर आपल्याकडे येते. मध्ये गंगापूर धरण आहे. पावसाळा सरला की धरणाच्या खाली नदीला स्वतःचं पाणी थोडंच उरतं. त्या थोड्या पाण्यात नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या येतात, त्यांच्यासोबत घरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं. नासर्डीचं नाव नंदिनी आणि वाघाडीचं वरुणा. नावं अशी ठेवणाऱ्या लोकांनी त्यांत नक्कीच गटार सोडलं नसणार. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे पाणवेलींचं खत. वर्गात मी मुलांना सांगायची की पाणवेल हा आजार नाही, अंगावर उठलेलं पुरळ आहे. आपण यंत्र लावून पाणवेली काढता, ट्रकच्या ट्रक भरून नेता, ते काम कष्टाचं आहे आणि करायलाच हवं. पण खत येत राहिलं तर आठवड्यात पात्र पुन्हा हिरवं होतं. त्यामुळे माझी सर्वांत मोठी मागणी दिसायला सर्वांत साधी आहे. दिवे, कारंजी, कमानी यांच्याआधी नाल्यांची तोंडं शुद्धीकरण केंद्राकडे वळवा. हे काम पुढच्या फोटोत दिसणार नाही. पण ते झालं की बाकीचं निम्मं काम नदी स्वतः करेल.

आणि एक फलक लावा. रामकुंडाशी, टाळकुटेश्वर पुलाशी, तपोवनात आणि सोमेश्वरला. त्यावर खडूने लिहिलं तरी चालेल. अंघोळीसाठी पाणी योग्य आहे का, हे ठरवायचे निकष देशात ठरलेले आहेत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ किंवा कमी हवा, विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही स्थितीत २,५०० च्या वर जाऊ नयेत. दर आठवड्याचे आकडे आणि त्याखाली मराठीत एक ओळ : आज पाण्यात उतरायला हरकत नाही, किंवा आज उतरू नका. लोक तीर्थ म्हणून हे पाणी ओंजळीने तोंडाला लावतात. त्यांना ते कसं आहे हे कळायला हवं. आकडा वाईट असेल तर आपल्याला तो लिहायला संकोच वाटेल, तरी लिहा. वाईट आकडा दर बुधवारी सगळ्या बाजारासमोर लिहावा लागला, तर तो बदलायची घाईही होईल.

मागे एका सिंहस्थाच्या तयारीत भाविकांचे पाय गाळात रुतू नयेत म्हणून कुंडांच्या तळाला काँक्रीट केलं गेलं. हेतू वाईट नव्हता. पण लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध ही नुसती नावं नव्हती, ती पाण्याची ठिकाणं होती. तळातून झरे येत, भर उन्हाळ्यातही पाय टाकला की एका जागी पाणी गार लागायचं. वडील मला ती जागा पायाने शोधायला लावायचे. "सापडली का?" ते विचारायचे, आणि सापडली की अंगावर काटा यायचा. काँक्रीटने ते झरे बुजले. प्रकरण न्यायालयात गेलं, काही कुंडांतलं काँक्रीट पुढे काढलंही गेलं. ते काम पूर्ण करा आणि या वेळी तळाला पुन्हा हात लावू नका. गाळ काढायचा असेल तर हिवाळ्यात पाणी अडवून माणसं लावून काढा.

आता पायऱ्या उतरताना धरायच्या दांड्याकडे येते. दांडा लावा, एवढं म्हणून मी थांबणार नाही, कारण पूर म्हणजे काय हे मला माहीत आहे. आमच्या घरी पावसाळ्यात सकाळचा पहिला प्रश्न असायचा, "मारुतीला कुठपर्यंत लागलं?" नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं की पूर आला. गुडघ्याला लागलं की दुकानदार माल वरच्या फळीवर ठेवायला लागायचे. छातीला लागलं की आई देवघर माळ्यावर न्यायची. नारोशंकराच्या देवळाची घंटा तर त्याच्याही वरची खूण. देऊळ १७४७ चं, घंटा वसईच्या विजयाची, आणि तिला पाणी लागलं म्हणजे गावाची खैर नाही असं जुनी माणसं म्हणायची. २००८, २०१६ आणि २०१९ साली मारुती पाण्याखाली गेला, सराफ बाजार आणि भांडीबाजारात पाणी शिरलं. प्रत्येक पुरानंतर घाटावर काय उरतं तेही मी पाहिलं आहे. वाकलेले दिव्यांचे खांब, उखडलेल्या फरश्या आणि रेलिंगला अडकलेल्या पाणवेलींचे भारे. गोदापार्कची पायवाट कितीदा वाहून गेली ते आपल्याला माझ्याहून जास्त माहीत असेल. दगड मात्र होता तिथे होता.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक मुख्य घाटावर एका जागी, दोन हात रुंदीच्या पट्ट्यात, पायऱ्यांची उंची निम्मी करा आणि दगडाला टाकी मारून तो खरखरीत करा. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दगडात खोबणी पाडा, त्यांत बसणारे लोखंडी दांडे करा आणि मे अखेरीला काढून नवरात्रात पुन्हा बसवा. पुराच्या वाटेत काही राहणार नाही आणि उरलेले आठ महिने म्हाताऱ्या माणसाला धरायला आधार मिळेल. हे काम एखादा गवंडी आणि एखादा लोहार आठवड्याभरात करील. यासाठी सल्लागार नेमू नका, एवढी विनंती.

पूर बघणं हासुद्धा या गावाचा एक आनंद आहे, तो आपण नाकारू नका. लोक येणारच. मीही जाते. गढूळ पाण्याचा तो आवाज, पुलाखालून घुसणारे ओंडके, शेजारी उभा अनोळखी माणूस "अजून वाढतंय हो" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पोलीस हाकलतात ते बरोबरच करतात, पण हाकललेली माणसं दुसऱ्या धोक्याच्या जागी जातात. वरच्या अंगाला, लाल पूररेषेच्या बाहेर, दोन-तीन ठिकाणी उंच ओटे करा, 'इथून पूर पाहा' असं लिहा. बाकीचे दिवस तिथे आजोबा लोक बसतील.

पटांगणांबद्दल माझा जीव सर्वांत जास्त तुटतो. यशवंतराव महाराज पटांगण, गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण, रोकडोबा पटांगण. नकाशावर ती कोरी दिसत असतील आणि कोऱ्या जागेवर काहीतरी काढावंसं कुणालाही वाटेल. कृपा करून काढू नका. ती कोरी आहेत म्हणूनच तिथे बुधवारी बाजार बसतो, सुट्टीत पोरं क्रिकेट खेळतात, परगावचा माणूस अस्थी घेऊन येतो आणि विधी झाल्यावर तासभर नुसता बसून राहतो. त्या माणसालाही जागा लागते. आणि मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. १९२२ पासून चालत आलेली ही गोष्ट आपल्या गावाची खरी श्रीमंती आहे. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळीही कोमट असतो, त्यावर सतरंजी टाकून बसायचं, नदीवरून वारा सुरू होतो, वक्ता पाणी प्यायला थांबला की पलीकडच्या काठावरचा घंटेचा आवाज ऐकू येतो. मी आयुष्यात जे ऐकलं, शिकले, त्यातलं बरंचसं त्या दगडावर बसून. येताना भेळभत्त्याची पुडी ठरलेली असायची. या सगळ्याला कसल्याही सजावटीची गरज नव्हती. उलट आता त्या बाजूला मोठमोठे दिवे लागले तर वक्त्याचा चेहरा दिसेल, पण पाण्यावरचं चांदणं जाईल. दिवे लावा, अंधारात बायकांना भीती वाटते हे खरं आहे. पण ते पायाशी, खाली तोंड करून, पिवळे लावा.

आणखी एक गोष्ट मला गांभीर्याने सांगायची आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा मोर्चा निघाला. मंदिराचे दरवाजे बंद होते. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचे ते हजारो सत्याग्रही गोदावरीच्या घाटावर आले आणि सभा तिथे झाली. ज्या माणसांना रामकुंडाला हात लावायची बंदी होती, त्यांनी आपलं म्हणणं नदीकाठी उभं राहून मांडलं. हा घाट तेव्हापासून खऱ्या अर्थाने सगळ्यांचा व्हायला लागला, आणि त्यासाठी लोकांनी दगड खाल्ले आहेत. म्हणून घाटावर कुठेही तिकीट लावू नका, कुंपण घालू नका, मान्यवरांसाठी वेगळा कोपरा कायमचा राखू नका. सिंहस्थात बंदोबस्त म्हणून जे लोखंडी अडथळे उभे राहतात, ते मेळा संपल्यावर त्याच महिन्यात उचलले जातील असं आत्ताच लिहून ठेवा. जिथे सभा झाली तिथे एक साधा दगडी लेख असावा असंही मला फार वाटतं. शाळेची सहल रामकुंडावर येते, मुलं सीताहरणाची गोष्ट ऐकतात आणि ही गोष्ट न ऐकता परत जातात.

वरच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात. सोमेश्वरच्या धबधब्यापासून आनंदवल्लीवरून रामकुंड आणि पुढे तपोवनात कपिला संगमापर्यंत साधारण दहा किलोमीटर नदी आहे. तिच्या काठाने सलग चालत जाता येईल अशी मातीची पायवाट द्या. फरशी नको, माती चालेल, पुराने नेली तर पुन्हा टाकता येते. काठाचे उंबर, करंज, जांभूळ राहू द्या, त्यांच्या मुळ्यांनीच काठ धरून ठेवला आहे. कडेचं गवत 'स्वच्छते'साठी खरवडू नका. खंड्या तिथे बसतो, हिवाळ्यात धोबी पक्षी शेपटी हलवत दगडांवर येतात. याच नदीवर खाली निफाडकडे नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. तिथे जाऊन पक्षी बघायला आपण गाड्या काढतो. ते पक्षी आपल्याही दारावरून जातात, त्यांना उतरायला जागा ठेवली तर उतरतील.

आई दर वर्षी कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कार्तिकस्नान करते. गेली दोन वर्षं बादलीत गंगेचं तांब्याभर पाणी घालून घरीच करते. त्रिपुरीला मात्र द्रोणात दिवा लावून तो सोडायला घाटावर यायचा तिचा हट्ट असतो. गेल्या वर्षी तो दिवा मी सोडला, ती वरून बघत होती. दिवा थोडा पुढे गेला, पाणवेलीला अडकला आणि तिथेच जळत राहिला. ती म्हणाली, "पुढे ढकल ना गं." माझा हात तिथवर पोचला नाही.

या वर्षीच्या त्रिपुरीच्या आत एका घाटावर तरी तो बुटक्या पायऱ्यांचा पट्टा आणि दांडा करून पाहा. जागा कुठली घ्यावी, पायरी किती उंच चालते, दांडा कोणत्या उंचीवर हाताशी येतो, हे मोजायला आपला अभियंता पाठवा. मी आणि आई दर बुधवारी सकाळी सात ते आठ यशवंतराव महाराज पटांगणासमोर असतो. मोजपट्टी मी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
भांडीबाजारात वाढलेली एक नाशिककर